संगणकीय पदार्थशास्त्राला नागपुरात प्रयोगशाळेचा दर्जा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातील भौतिकशास्त्राच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांच्या निवृत्तीनिमित्त झालेल्या सत्काराचे वृत्त आपल्या दैनिकात वाचले. वृत्त आपुलकीने लिहिलेले होते. शोधनिबंधांचा आकडा, त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. झालेल्या विद्यार्थ्यांचा आकडा, परदेशातील परिषदा असे सारे त्यात आले होते. मात्र या गृहस्थांनी आयुष्यभर केले काय, हे 'संगणकाच्या मदतीने नवनवीन पदार्थांवर संशोधन' एवढ्या एका ओळीत आटोपले होते. यात वार्ताहराला दोष देण्याचे कारण नाही, कारण अशा समारंभातील वक्तेही सहसा याहून अधिक काही सांगत नाहीत. मी याच शहरात महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले, माझे स्वतःचे संशोधन फॉस्फर म्हणजे ऊर्जा शोषून प्रकाश देणाऱ्या प्रस्फुरक पदार्थांवरचे, आणि त्या कामातल्या अडचणी घेऊन या प्राध्यापकांकडे माझे वरचेवर जाणे होत असे. त्या अनुभवाच्या आधारे, कॉम्प्युटेशनल मटेरियल्स सायन्स किंवा संगणकीय पदार्थशास्त्र, म्हणजे पदार्थांचे गुणधर्म संगणकावर गणनेने काढण्याचे शास्त्र, या शाखेत नागपुरात राहून कारकीर्द करणे म्हणजे काय आणि अशा कारकिर्दीनंतर संस्थेच्या हाती काय उरायला हवे, याविषयी काही लिहावेसे वाटते.

पदार्थाचा रंग, कठीणपणा, चुंबकत्व, वीज वाहून नेण्याची क्षमता हे सारे शेवटी त्यातील इलेक्ट्रॉनांच्या वागणुकीवर ठरते आणि त्या वागणुकीचे समीकरण श्रॉडिंगर यांनी १९२६ मध्येच दिलेले आहे. रसायनशास्त्र सर्वस्वी आणि भौतिकशास्त्र बऱ्याच अंशी ज्या नियमांवर उभे आहे ते नियम आता हाती आले आहेत, अडचण उरली आहे ती त्यांतून निघणारी समीकरणे सुटण्यापलीकडची असतात ही, अशा आशयाचे मत डिरॅक यांनी १९२९ मध्ये नोंदवले होते. ही अडचण केवढी आहे ते ऑक्सिजनच्या एका अणूवरून कळते. त्यात ८ इलेक्ट्रॉन असतात, प्रत्येकाचे स्थान सांगायला ३ निर्देशांक लागतात, म्हणजे एकूण २४ चल झाले. प्रत्येक चलासाठी जेमतेम १० बिंदू धरून तरंगफलन, म्हणजे त्या समीकरणाचे उत्तर, नोंदवायचे म्हटले तरी एकावर चोवीस शून्ये इतक्या संख्या साठवाव्या लागतील आणि तेवढी साठवण पृथ्वीवरील कोणत्याही संगणकात नाही. हा एका अणूचा हिशेब झाला. चिमूटभर मिठात किती अणू असतात ते अकरावीचा विद्यार्थीही सांगेल.

या कोंडीतून वाट काढली ती पिएर होहेनबर्ग आणि वॉल्टर कोन यांनी १९६४ मध्ये. पदार्थाच्या न्यूनतम ऊर्जेच्या अवस्थेसाठी एकेका इलेक्ट्रॉनचा माग काढण्याची गरज नाही, अवकाशातील प्रत्येक बिंदूपाशी इलेक्ट्रॉनांची घनता किती आहे एवढे समजले तरी तत्त्वतः सर्व समजते, असे त्यांनी सिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी कोन आणि लू शाम यांनी ती घनता प्रत्यक्ष काढण्याची रीत दिली. कितीही इलेक्ट्रॉन असले तरी घनतेला चल तीनच. डेन्सिटी फंक्शनल थिअरी, म्हणजे या क्षेत्रातल्यांच्या बोलण्यातली डीएफटी, ती हीच. कोन हे भौतिकशास्त्रज्ञ, परंतु त्यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते जॉन पोपल यांच्यासमवेत रसायनशास्त्राचे. विद्यापीठांतील विभागांच्या भिंती या विषयाने कधी मानल्याच नाहीत.

परंतु या रीतीत एक खोच आहे. समीकरणातील एक्स्चेंज-कोरिलेशन हा, इलेक्ट्रॉनांच्या एकमेकांवरील परिणामांचा, घटक नेमका कोणालाच माहीत नाही, तो अंदाजाने धरावा लागतो, आणि कोणता अंदाज कोणत्या पदार्थाला चालतो हे जाणण्यातच संशोधकाचा कस लागतो. पर्ड्यू, बर्क आणि अर्न्झरहॉफ यांनी १९९६ मध्ये दिलेला अंदाज आजही जगभर वापरला जातो. स्फटिकातील अणूंची अंतरे तो चांगली सांगतो, पण सिलिकॉनचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वीज वाहण्यासाठी मोकळे व्हायला लागणारी किमान ऊर्जा, जो प्रयोगात सुमारे १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट भरतो, तो या अंदाजाने काढला तर जवळपास निम्माच येतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या हाती प्रोग्रॅम दिला तरी प्रोग्रॅम उत्तर देतोच, आणि ते उत्तर सुबक रंगीत आलेखांसह छापूनही येते. इनपुट फाइल लिहिणे कोणीही चार दिवसांत शिकतो. आलेल्या उत्तरावर विश्वास कुठवर ठेवायचा, हे शिकायला मात्र वर्षे जातात आणि तेच शिकवण्यात या प्राध्यापकांचा बहुतेक काळ गेला. के-पॉइंट वाढवून पाहा, कटऑफ वाढवून पाहा (गणना किती बारकाईने करायची ते ठरवणारी ही दोन मापे), ऊर्जा स्थिरावते का ते तपासा आणि मगच माझ्याकडे या, असे ते विद्यार्थ्यांना बजावत असत. पुष्कळ विद्यार्थी त्यामुळे वैतागत, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध इतरांपेक्षा उशिरा सादर होत असत तेही यामुळेच.

आता आमच्या फॉस्फरचे उदाहरण देतो. नागपूरच्या भौतिकशास्त्रात प्रस्फुरणावरील संशोधनाची परंपरा जुनी आहे आणि भट्टी, क्रूसिबल, एक्स-रे डिफ्रॅक्शन व ग्लो कर्व्ह (नमुना तापवताना बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा आलेख) हे शब्द इथल्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना घरचे आहेत. क्ष-किरण विभागांत आणि अणुऊर्जा केंद्रांत काम करणाऱ्यांच्या छातीवर किरणोत्साराची मात्रा मोजणारा जो टीएलडी बिल्ला असतो, त्यात आपल्या देशात डिस्प्रोशियम हे मूलद्रव्य मिसळलेले कॅल्शियम सल्फेट वापरले जाते. कॅल्शियमच्या आयनावर दोन धन प्रभार असतात आणि डिस्प्रोशियमच्या आयनावर तीन, त्यामुळे दोन डिस्प्रोशियम स्फटिकात शिरले तर प्रभारांचा मेळ बसण्यासाठी तीन कॅल्शियमना जागा सोडावी लागते आणि त्यांतली एक जागा रिकामी राहते. ही रिकामी जागा डिस्प्रोशियमला लागून असते की दूर, आणि किरणोत्साराने मोकळा झालेला प्रभार नेमका कशापाशी अडकून पडतो, हे आमच्या ग्लो कर्व्हमध्ये थेट दिसत नाही. प्रभार अडकतो तो सापळा किती खोल आहे एवढे तो सांगतो, सापळा कोणता आहे ते सांगत नाही. गणनेत मात्र स्फटिकाच्या एककाची अनेकपट मोठी प्रतिकृती, म्हणजे सुपरसेल, घेऊन त्यातला एक कॅल्शियम काढता येतो, डिस्प्रोशियम जवळ किंवा दूर बसवता येतो आणि कोणत्या रचनेला कमी ऊर्जा लागते याची तुलना करता येते. हा माझ्या मते सरळसरळ प्रयोगच आहे. त्यात नमुना तयार करावा लागतो, नियंत्रणे ठेवावी लागतात, चुका शोधाव्या लागतात आणि पुन्हा करून पाहावे लागते. फक्त नमुना अणूंच्या यादीचा असतो.

या गणनेची किंमत बाहेरच्याला दिसत नाही. नेहमीच्या डीएफटी प्रोग्रॅममध्ये अणूंची संख्या दुप्पट केली की लागणारा वेळ साधारण आठपट होतो. सुपरसेल मोठा घ्यावा तर यंत्र पुरत नाही आणि लहान ठेवावा तर शेजारच्या प्रतिकृतीतील डिस्प्रोशियम एकमेकांवर प्रभाव टाकू लागतात आणि उत्तर बिघडते. एकेक जॉब, म्हणजे यंत्राला दिलेली एक गणना, कित्येक दिवस चालतो, मध्येच वीज गेली आणि यूपीएसने दगा दिला तर काम मागच्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करावे लागते, आणि नागपूरचा मे महिना तर यंत्रांच्या खोलीची परीक्षाच पाहतो. घरोघरी चालणारा वाळ्याचा कूलर इथे चालत नाही, कारण त्याची ओल यंत्रांना सोसत नाही, आणि बाहेर पारा ४५ अंशांवर असताना वातानुकूलन बंद पडले की क्लस्टरमधले, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांच्या समूहातले, नोड (एकेक संगणक) एकामागून एक आपोआप बंद होतात. भट्टी जळाली तर विभागप्रमुख धावत येतात. क्लस्टर बंद पडला तर 'संगणक बिघडला आहे, दुरुस्त करून घ्या' असे सांगितले जाते, आणि लिनक्स जाणणारा एखादा संशोधक विद्यार्थी आपला प्रबंध बाजूला ठेवून रात्रभर ते यंत्र सांभाळत बसतो.

विदर्भाच्या भूमीशीही या शाखेचा जवळचा संबंध आहे, जो क्वचितच कोणी बोलून दाखवतो. देशातील मँगनीज उत्खननातील प्रमुख कंपनी मॉइल हिचे मुख्यालय नागपुरात आहे आणि तिच्या खाणी नागपूर, भंडारा व बालाघाट जिल्ह्यांत आहेत. मँगनीजची ऑक्साइडे लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या कॅथोडमध्ये वापरली जातात, त्यामुळे या मूलद्रव्याकडे पोलादापलीकडे पाहण्याची वेळ केव्हाच आली आहे. परंतु डीएफटीच्या दृष्टीने मँगनीज महा अडेलतट्टू. त्याचे डी-कक्षेतील इलेक्ट्रॉन एकमेकांना जोरदार दूर लोटतात, ते आपापल्या अणूपाशी बांधलेले राहतात आणि साध्या अंदाजांना हे पकडता येत नसल्याने मँगनीज ऑक्साइडचा बँड गॅप फारच लहान येतो. १९९१ मध्ये अनिसिमोव्ह, झानेन आणि अँडरसन यांनी या इलेक्ट्रॉनांसाठी एक जादा ऊर्जेची दुरुस्ती सुचवली, जिला आज डीएफटी प्लस यू म्हणतात. मात्र त्या 'यू'ची किंमत किती धरायची हे प्रत्येक संयुगागणिक ठरवावे लागते, आणि प्रयोगाशी जुळेपर्यंत ती फिरवत राहण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. अॅल्युमिनियम त्या मानाने फार सालस धातू. त्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन जवळजवळ मोकळे फिरत असल्याने साधा अंदाजही तिथे उत्तम चालतो, आणि नागपूरलगतच्या वाडीला जवाहरलाल नेहरू अॅल्युमिनियम संशोधन विकास व आरेखन केंद्र असताना मिश्रधातूंवरील गणनेला या शहरात काम कमी पडू नये. प्रयोग करणारे, खनिज उपसणारे आणि गणन करणारे असे तिघेही अमरावती रोडच्या अलीकडे-पलीकडे असताना एकमेकांच्या कामाची त्यांना फारशी खबर नसावी, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

ही गणना प्रयोगाच्या मागून हमाली करते, असा एक समज आमच्यासारख्या प्रयोगवाल्यांत रूढ आहे. गेल्या काही वर्षांत तो टिकण्यासारखा राहिलेला नाही. प्रचंड दाबाखालील हायड्रोजन सल्फाइड २०० केल्व्हिनच्या आसपास अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा, होईल असे गणनेने २०१४ मध्ये सांगितले आणि २०१५ मध्ये प्रयोगात, वातावरणाच्या सुमारे १५ लाख पट दाबाखाली, ते २०३ केल्व्हिनला अतिवाहक झाले. दुसऱ्या टोकाला, २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने २२ लाख नव्या स्फटिकरचना जाहीर केल्या तेव्हा त्यांतल्या किती खरोखर नव्या आणि किती उपयोगाच्या, असा प्रश्न पदार्थशास्त्रज्ञांनीच विचारला. उत्तरे स्वस्त झाली की ती पारखणाऱ्याची गरज वाढते.

म्हणूनच शोधनिबंधांच्या आकड्यावरून या शाखेतील कारकीर्द मोजणे मला विशेष अन्यायाचे वाटते. इथे निबंध वाढवणे सोपे आहे. एका संयुगातले एक मूलद्रव्य बदलायचे, तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा, तेच आलेख पुन्हा काढायचे. आवर्तसारणी मोठी आहे आणि नियतकालिकेही पुष्कळ आहेत. पदोन्नतीसाठी गुणांची बेरीज मागितली जाते तेव्हा हा मार्ग धरणाऱ्यांना मी फार दोष देत नाही. पण ज्याने तो धरला नाही, त्याच्या सत्कारातही आकडाच सांगितला जावा हे खटकते. त्याऐवजी त्याची कोणती भाकिते पुढे प्रयोगात खरी ठरली, कोणती चुकली आणि ती का चुकली, त्याच्या विद्यार्थ्यांनी काढलेले निकाल दुसऱ्या कोणाला तसेच्या तसे मिळाले का, हे विचारले गेले असते तर श्रोत्यांनाही काही कळले असते.

नागपूरसारख्या ठिकाणी ही शाखा तगली याचे श्रेय काही अंशी एका चांगल्या जागतिक प्रथेला आहे. या क्षेत्रातील काही महत्त्वाचे प्रोग्रॅम मोफत मिळतात. इटलीत आकाराला आलेला क्वांटम एस्प्रेसो हा त्यांतला ठळक. त्याच इटलीत, ट्रिएस्ट येथे, अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये स्थापलेल्या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकशास्त्र केंद्राने विकसनशील देशांतल्या संशोधकांना या विद्येची दारे उघडली. अमेरिकेतील मटेरियल्स प्रोजेक्टने २०११ पासून असंख्य संयुगांची काढलेली माहिती सर्वांना खुली केली आहे. आपल्याकडे जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेमुळे सरकारी संस्थांतील संशोधकांना हजारो नियतकालिके वाचता येऊ लागली, हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्यापूर्वी एखादा निबंध मिळवण्यासाठी परदेशातील मित्राला ईमेल करावे लागे. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील प्रा. उमेश वाघमारे यांना या शाखेतील कामासाठी २०१५ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला, तेव्हा देशात या कामाला प्रतिष्ठा नाही असेही म्हणता येत नाही.

यंत्रांच्या बाबतीत तर विदर्भाने संकोच करण्याचे कारणच नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक (प्रगत संगणन विकास केंद्र) स्थापन झाले, १९९१ मध्ये तिथे परम ८००० हा महासंगणक तयार झाला, आणि त्या कामाचे नेतृत्व करणारे विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे, नागपूरच्या तेव्हाच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीचे पदवीधर. २०१५ मध्ये केंद्राने ४,५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर केले, त्यातून पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली व कोलकाता येथे परम रुद्र सुरू झाले. दूरच्या यंत्रावर खाते काढून रांगेत जॉब लावता येतो हे खरे, आणि मोठ्या गणनेसाठी तोच मार्ग योग्य आहे. परंतु विद्यार्थी शिकतो तो हाताशी असलेल्या यंत्रावर, जिथे त्याला चुकायची मुभा असते.

प्रकल्पाच्या अनुदानातून यंत्र येते. प्रकल्प संपला की वार्षिक देखभालीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून करायचा हा प्रश्न उभा राहतो, आणि यंत्र सांभाळणाऱ्याचे पद तर मुळात मंजूरच नसते. रसायनांच्या खरेदीला कोणी हरकत घेत नाही, विजेच्या देयकाला घेतात. संगणकीय पदार्थशास्त्राला प्रयोगशाळेचा दर्जा द्या असे मी म्हणतो त्याचा अर्थ इतकाच की, भट्टीसाठी जे आपसूक मिळते ते क्लस्टरलाही मिळावे: स्वतंत्र वीजजोडणी, थंड ठेवलेली खोली, दरवर्षीची तरतूद आणि एक कायम तांत्रिक पद. संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडून २०२३ ते २०२८ या काळासाठी ५०,००० कोटी रुपयांची योजना मांडली गेली असताना राज्य विद्यापीठांनी यासाठी एकत्रित प्रस्ताव करायला हवा; एकेका प्राध्यापकाने आपापल्या टेबलाखाली एकेक सर्व्हर ठेवण्याचे दिवस आता संपले पाहिजेत.

आणि मुख्य गोष्ट निवृत्तीनंतरची. आमच्यासारखा प्रयोगवाला निवृत्त झाला तर भट्टी, स्पेक्ट्रोमीटर आणि नमुन्यांच्या बाटल्या मागे राहतात, नवा माणूस त्या उघडून पाहू शकतो. गणन करणाऱ्याचा वारसा हार्ड डिस्कवर असतो: इनपुट फाइली, वापरलेली स्यूडोपोटेन्शियल (अणूच्या आतल्या भागाऐवजी गणनेत घेतलेली सोपी प्रतिरूपे), प्रोग्रॅमची आवृत्ती, फसलेले जॉब आणि ते का फसले याच्या नोंदी. प्रबंध शोधगंगा या देशव्यापी संग्रहावर चढवला जातो, पण प्रबंधात असतात ते निष्कर्ष आणि आलेख. ते ज्या फाइलींतून निघाले त्या जोडण्याची सक्ती नसल्याने विद्यार्थी नोकरीला लागला आणि यंत्र मोडीत निघाले की तेच गणन पुन्हा करून पाहण्याची सोय कायमची जाते. प्रत्येक पीएच.डी.सोबत या फाइली विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करण्याचा नियम करायला पैसे लागत नाहीत. विद्यापरिषदेने एक ठराव केला तरी पुरे.

पदाचा प्रश्न याहून नाजूक आहे. निवृत्त झालेल्यांची जागा राज्यात वेळेवर भरली जात नाही आणि अध्यापन तासिका तत्त्वावर निभावले जाते, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. तासिका तत्त्वावरील तरुण वर्ग चांगले घेईल, परंतु पुढच्या सत्रात आपण इथे असू की नाही हे ज्याला माहीत नाही त्याने वर्षानुवर्षे चालणारी गणना कशाच्या भरवशावर सुरू करावी? शिवाय जागा निघाली तरी ती याच शाखेसाठी राखली जाईल याची शाश्वती नसते, आणि मग एका माणसाने तीन दशके राबून उभी केलेली विद्या त्या विभागातून जवळपास एका दिवसात नाहीशी होते.

नागपूर विद्यापीठ, व्हीएनआयटी आणि शासकीय विज्ञान संस्था यांच्या भौतिकशास्त्र विभागांनी, शक्य तर वाडीच्या अॅल्युमिनियम केंद्रालाही बोलावून, एका सामाईक क्लस्टरची जागा, त्याची वीज आणि त्याचा सांभाळ करणारे पद या तीन बाबींवर याच सत्रात एकत्र बसावे, आणि ज्यांचा नुकताच सत्कार झाला त्या प्राध्यापकांना त्या बैठकीचे निमंत्रण द्यावे. त्यांच्या डिस्कवरील फाइलींची यादी अजून त्यांच्या स्मरणात आहे, तोवर ती लिहून घेण्याचे कामही तिथेच सुरू करता येईल.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र अध्यापक,
नागपूर